एका पानाची खटपट

दिवाळी तीन आठवड्यांवर आली, की आमच्याकडे सकाळच्या वर्तमानपत्रातून बातम्यांच्या आधी चकल्या बाहेर पडतात. म्हणजे चकल्यांची पत्रके. घडी उलगडली की फराळाच्या मागणीची तीनचार रंगीत पाने मांडीवर सांडतात, आणि आमच्या सौभाग्यवती चष्मा चढवून ती अग्रलेखापेक्षाही बारकाईने वाचतात. यंदा चार आली. त्यांतली तीन रद्दीत गेली आणि चौथे फ्रिजच्या दाराला चिकटले.

मी रद्दीतली तीन काढून पाहिली. एकात ‘अस्सल घरगुती चव’ होती, दुसऱ्यात ‘आजीच्या हातची आठवण’ होती, आणि तिसऱ्यात तर परंपरा व आरोग्य यांचा सुरेख संगम झालेला होता. फ्रिजवरच्या पानात असले काही नव्हते. भाजणीची चकली, शेंगदाण्याच्या तेलात तळलेली. अर्ध्या किलोचा भाव अमुक. डबा घट्ट लावून ठेवल्यास पंधरा दिवस कुरकुरीत. अनारशांची मागणी वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद, कारण तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. निम्मे पैसे आगाऊ. बस्स.

“या बाईंना काम येतं,” सौ. म्हणाल्या, “आणि त्या तिघींना पत्रक लिहिता येतं.”

हे वाक्य मला दोन वर्षांपूर्वी ऐकायला मिळाले असते, तर माझे पाचशे पत्रकांच्या छपाईचे पैसे वाचले असते. त्याचीच ही हकीकत आहे.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी कहाणी थोडीफार ठाऊक आहे. पिंपरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. ‘तुम्ही कंपनीत काय बनवता?’ असे कोणी विचारले आणि मी ‘पुस्तिका’ म्हटले, की विचारणाऱ्याचा चेहरा पडे. पुढे तो विभागच बंद झाला, आणि स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर मी सही केली. त्यातली स्वेच्छा मला अजून सापडलेली नाही. हाती आलेल्या रकमेतली अर्धी घराच्या कर्जात जिरली. उरलेल्या अर्धीवर मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाची तीन वर्षे डोळा ठेवून बसली होती. एका रात्री सौ.नी वहीत आकडे मांडले आणि वही माझ्यापुढे सरकवली. दरमहा अठरा हजार रुपये कमी पडत होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर निदान भांडता तरी आले असते.

तेव्हा मी ठरवले, की आता बाहेरची लेखनाची कामे घ्यायची.

आमच्या चिंचवडकडे लिहिणाऱ्याला काय काम मिळणार, असे पुण्यातले स्नेही अजून विचारतात. त्यांना वाटते, लेखन हे नदीपलीकडे सदाशिव पेठेतच होते. पण खरे पाहता आमच्या भागाइतका लेखनाचा भुकेला मुलूख दुसरा नसेल. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीत स्थापन झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आकुर्डीच्या स्कूटरी आणि पिंपरीच्या मालमोटारी देशभर धावू लागल्या. १९९९ मध्ये बजाजने चाकणला कारखाना काढला, आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज या दोन्ही जर्मन नावांच्या पाट्या कांद्या-बटाट्याच्या त्या गावाशेजारी झळकल्या. पण या मोठ्या फाटकांच्या मागे भोसरीत, तळवड्यात, कुरुळी-म्हाळुंग्यात पत्र्याच्या शेडी आहेत, आणि तिथे दहा-वीस माणसे सुटे भाग करतात. मोठी कंपनी आता नुसता भाग घेत नाही. भागाबरोबर कागद मागते. मोटारीच्या धंद्यात २०१६ पासून आय.ए.टी.एफ. १६९४९ नावाचे मानक आले आहे. तपासनीस येतो आणि विचारतो, हे काम कसे करायचे ते कुठे लिहिले आहे? मालकाला काम हातात पाठ असते. लिहिलेले मात्र कुठेच नसते. शिवाय ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची प्रतिज्ञा लागते, खंडेनवमीच्या यंत्रपूजेचे निमंत्रण लागते, आणि चाळीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या एखाद्या मामांना निरोपाच्या दिवशी मानपत्र लागते. (मानपत्रांत मी आजही पैसे घेत नाही. हा धंद्याचा मूर्खपणा आहे हे मला मान्य आहे.)

काम होते. कामवाल्याला माझा पत्ता नव्हता. म्हणून पत्रक.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या यंत्रांविषयी लिहीत आलो. स्वतःविषयी एक पान लिहायला बसलो तर चार दिवस पहिली ओळ सुचेना. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ही अडचण सर्वांनाच येते. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याला त्यात बसवले आहे, आणि त्याच्या शेजारीच वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही. लहानपणी हे पाठ झालेले. ते हात धरते. मग होते असे, की माणूस साधेपणाने ‘मला अमुक येते’ म्हणायला लाजतो, आणि लाज झाकण्यासाठी मोठमोठ्या शब्दांची शाल पांघरतो. माझे पत्रक असे तयार झाले: ‘प्रभावी, परिणामकारक व दर्जेदार लेखनाचे एकमेव विश्वसनीय दालन. सर्व प्रकारचे लेखन सर्व भाषांत. नामांकित उद्योगातील सव्वीस वर्षांचा प्रदीर्घ अनुभव.’ म्हणजे स्वतःची स्तुतीही झाली आणि वडिलांची कीर्तीही सांगून झाली. ते ‘दालन’ म्हणजे आमच्या गॅलरीतले घडीचे टेबल होते. भाच्याने वर मोरपीस आणि दौत काढली. जन्मात मी बोरूने एक अक्षर लिहिलेले नाही.

पाचशे प्रती छापल्या. साडेतीनशे वाटल्या. एकच फोन आला, तो आणखी पत्रके स्वस्तात छापून देऊ का, असे विचारणाऱ्या छापखानेवाल्याचा.

उरलेली दीडशे घेऊन मी स्वतः भोसरीला गेलो, तेही गुरुवारी. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा वार. यंत्रे बंद असतात, पण लहान शेडचा मालक त्या दिवशी हिशेबाला आणि डायच्या दुरुस्तीला हमखास येऊन बसतो. त्याच्याकडे तेव्हा दहा मिनिटे असतात. इतर दिवशी दोनही नसतात. अशाच एका प्रेस-शॉपमध्ये पंचेचाळिशीच्या एका शेठने मला बसायला स्टूल दिले, चहा मागवला आणि पत्रक मोठ्याने वाचायला घेतले.

“‘प्रभावी, परिणामकारक...’” तो थांबला. “काका, या दोन्हींत फरक काय?”

घरी येऊन विचार केल्यावर मला काहीतरी सांगता आले असते. त्या वेळी मी चहाकडे पाहिले.

त्याने टेबलाच्या खणातून स्वतःचा एक कागद काढला. गिऱ्हाइकाला दिलेला दरपत्रकाचा कागद होता. भागाचा नंबर, पत्र्याची जाडी, किती टनी प्रेसवर निघेल, डायचे पैसे वेगळे, नगाचा दर वेगळा, पहिला नमुना किती दिवसांत, पत्रा गिऱ्हाइकाने दिला तर कातरण कोणाचे, आणि माल नापास झाला तर भुर्दंड कोणी सोसायचा. एक पान, तेही पुरते भरलेले नाही.

“यात ‘दर्जेदार’ कुठंच नाही,” तो म्हणाला. “लिहिलं तर पलीकडचा परचेसवाला विचारतो, किती मायक्रॉनपर्यंत?”

कागद पुढे करताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापाशीच संपलेली मला दिसली. मी नजर दुसरीकडे वळवली. त्याच्या ते लक्षात आले.

“बघा की, त्यात काय! चोविसाव्या वर्षी गेली. दुसऱ्याच्या शेडमध्ये होतो तेव्हा. मशीनवर पाटी नव्हती असं नाही हो. होती. इंग्रजीत होती, आणि मी दहावी नापास.”

मग तो मला आत घेऊन गेला. त्याच्या स्वतःच्या प्रेसवर मराठी पाटी होती. ‘कार्यरत यंत्राच्या चलित भागांशी शारीरिक संपर्क टाळणे अनिवार्य आहे.’

“पोरं विचारतात, शेठ, अनिवार्य म्हणजे काय? निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, निम्मी आपल्या नांदेड-परभणीची. मराठी पाटी लावून दिली खरी, पण मला वाटतं ती अजून इंग्रजीतच आहे.”

ती पाटी वाचून मला घाम फुटला, कारण तशीच वाक्ये सव्वीस वर्षे मी लिहीत आलो होतो. ‘टाळणे अनिवार्य आहे’, ‘दक्षता घेण्यात यावी’, ‘सूचनांचे अनुपालन करावे’. कोणाची बोटे त्या वाक्यांपाशी होती, हे पाहायला मी एकदाही खाली उतरलो नव्हतो. आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, आणि तिथे वातानुकूलन होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितले होते. समजणारी भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतला.

“ही लिहून द्या,” शेठ म्हणाला. “पत्रकाचं मागनं बघू.”

शुक्रवारी पहिल्या पाळीला मी त्या प्रेसशेजारी उभा राहिलो. दोन तासांत पुष्कळ कळले. तुकडा डायमध्ये अडकला की पोरगा बोटांनी काढी, कारण चिमटा मागच्या भिंतीवर खिळ्याला होता, चार पावले दूर. दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून यंत्राला दोन बटणे दिलेली असतात; त्यांतल्या एकात लाकडाची पाचर मारून ठेवलेली होती. तसे केले की एक हात मोकळा होतो आणि काम भराभर निघते. पाचर शेठने स्वतःच्या हाताने उपटली आणि सुपरवायझरला जे सुनावले, ते या अंकात छापता येणार नाही. मी पाटी लिहिली:

‘तुकडा अडकला? हात घालू नका. लाल बटण दाबा. प्रेस थांबू द्या. चिमट्याने काढा. चिमटा इथे आहे.’

आणि खाली बाण. बाणाखाली हूक, हुकाला चिमटा. हिंदीत दुसरी पाटी. अशा चार यंत्रांच्या आठ पाट्या झाल्या.

“पाटीनं बोट वाचत नाही, काका,” शेठ म्हणाला, “ते गार्डनं वाचतं. पण गार्ड काढायचा का नाही, ते पोराला पाटीनं सांगायला पाहिजे.” आमच्या धंद्याची इतकी नेमकी मर्यादा मला कोणी सांगितली नव्हती.

मग पैशांचा प्रश्न आला. त्या वेळी मी शब्दाला दोन रुपये असा दर धरला होता. तशी पद्धत आहे. पहिल्या पाटीचे शब्द मोजले. सोळा. म्हणजे बत्तीस रुपये! शेठ पोट धरून हसला. “मग तुमचा धंदा बुडालाच म्हणायचा. मी काय ठोक्यांवर जगतो? डायचे पैसे आधी, ठोक्याचे मागून. तुम्ही इथं पाळीभर उभे राहिलात ती तुमची डाय. तिचे पैसे कुठायत?”

खरेच आहे. थोडक्यात लिहिणाऱ्याने शब्दांवर दर लावला, तर तो जितके चांगले काम करील तितका भिकेला लागेल. तेव्हापासून माझ्या पानावर दोन दर आहेत. जागेवर येऊन, यंत्र चालू असताना पाहून, चालवणाऱ्याशी बोलून टिपण करण्याचे पैसे वेगळे. नंतरच्या प्रत्येक पाटीचे किंवा पानाचे वेगळे. गिऱ्हाईक पहिल्या आकड्यावर कुरकुर करील, अशी मला भीती होती. या पट्ट्यात कोणी केली नाही. डाय म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना समजते.

पत्रक मी नव्याने लिहिले. त्याला सात गुरुवार लागले, हे सांगायला संकोच वाटतो. सर्वांत वर माझे नाव होते, ते सर्वांत खाली नेले. वर एक प्रश्न घातला: ‘तुमच्या यंत्रावरची पाटी नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी समजते का?’ त्याखाली शेजारी शेजारी दोन चौकटी. डावीकडे ‘टाळणे अनिवार्य आहे’, उजवीकडे चिमटा. पुढे मी काहीही म्हटले नाही. वाचणारा डावीकडून उजवीकडे गेला, की माझे काम काय ते त्याला कळते. न कळले तर विशेषणांनीही कळणार नाही.

जाहिरातीच्या धंद्यातल्या मोठ्या मंडळींनाही हे ठाऊक होते. डेव्हिड ओगिल्व्हीने १९५८ साली रोल्सरॉइस मोटारीची एक जाहिरात लिहिली. ती त्या धंद्यात अजून दाखवली जाते. मोटार शांत आहे, शाही आहे, असे तो मथळ्यात म्हणाला नाही. ताशी साठ मैल वेगात आत सर्वांत मोठा आवाज येतो तो घड्याळाचा, एवढी बाब त्याने सांगितली. ती सापडण्यासाठी तो तीन आठवडे त्या मोटारीविषयीचे कागद वाचत बसला होता. तीन आठवडे वाचन आणि एक घड्याळ, हा हिशेब मला माझ्या सात गुरुवारांसाठी दिलासा देणारा वाटतो.

आपल्याकडचे उदाहरण तर त्याहून जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा नांगरात खोट नव्हती. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. अशा गिऱ्हाइकापुढे नांगराची कितीही स्तुती केली तरी ती वाया. त्याच्या मनातले विष आधी काढायला हवे. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे मराठीतले एक मोठे मासिक केले, ते आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी घरोघर वाचले आहे. कारखान्याच्या फाटकातून लेखन बाहेर पडू शकते, याचा याहून मोठा दाखला सदाशिव पेठेला काय द्यावा!

माझ्या गिऱ्हाइकाच्या मनातले विष कोणते? ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे. “मोबाइल फुकटात लिहून देतो की हो,” असे मला दर दुसरा माणूस म्हणतो. आणि देतोही. शुद्धलेखनाच्या चुका माझ्यापेक्षा कमी करतो. मी घरी प्रयोग करून पाहिला. प्रेसच्या सुरक्षिततेची पाटी मागितली, तर त्याने मला बारा सूचना दिल्या. बाराही बरोबर होत्या. पण चिमटा कुठे टांगला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि पाचर त्याला दिसली नव्हती. ही शंका लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून पत्रकावर मी सरळ लिहिले: ‘मोबाइलवर फुकट मजकूर मिळतो. तो जरूर घ्या. तुमच्या शेडमध्ये पाळीभर उभे राहून मग लिहायचे असेल, तर मला बोलवा.’ ही ओळ वाचून दोघांनी मला बोलावले नाही. त्यांचे काम मोबाइलवर खरेच भागण्यासारखे होते.

एका मोहाची मात्र कबुली दिली पाहिजे. मधल्या एका मसुद्यात मी ‘दोनशेहून अधिक समाधानी ग्राहक’ असे लिहिले होते. सगळेच लिहितात. सौ.नी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “दोनशे? मग ते अठरा हजार अजून कमी का पडतायत?” मुलगी आतल्या खोलीत हसली. मी ती ओळ खोडली आणि लिहिले: ‘आतापर्यंत तीन शेडींत काम केले आहे. मालकांची परवानगी आहे. पाट्या जाऊन पाहता येतील.’ तीन हा आकडा छापताना जीव खालीवर झाला. पण एक गृहस्थ खरोखर जाऊन पाट्या पाहून आले.

जुने नमुने दाखवावेत, असेही पुष्कळांनी सुचवले. तिथे कायदा आडवा आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळे ठरलेले नसेल तर, नोकरी देणाराच असतो. माझी सव्वीस वर्षांची चळत त्यामुळे माझी नव्हेच. उलट, आता बाहेरचा माणूस म्हणून मी जे लिहून देतो, त्याचा हक्क मी लेखी देईपर्यंत माझ्याकडेच राहतो. गिऱ्हाइकांना हे बहुधा ठाऊक नसते आणि कळले की ते दचकतात. म्हणून पानावर एक ओळ आहे: पूर्ण पैसे पोचले की सर्व हक्क लेखी तुमच्या नावे. पैसे वेळेवर येण्याला या ओळीची जेवढी मदत झाली, तेवढी माझ्या तगाद्यांची झाली नाही.

पैशांच्या वेळेविषयी बोलायचे तर २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यात मुदत ४५ दिवसांची आहे. नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे, काहीही करार झाला असला तरी, त्याहून जास्त अडवता येत नाहीत; आणि लेखनासारखी सेवा देणाऱ्यालाही ही ‘उद्यम’ नोंदणी घरबसल्या, फुकट करता येते. मी केली. नंबर पानाच्या तळाशी छापला. त्या भोसरीच्या शेठने माझे उरलेले दीड हजार बासष्टाव्या दिवशी दिले आणि म्हणाला, “काका, मला मोठ्या कंपनीकडनं नव्वद दिवसांनी मिळतात, त्या मानानं तुम्ही नशीबवान.” आता मी निम्मे आगाऊ घेतो. फ्रिजवरच्या बाईही निम्मे आगाऊ घेतात, हे मला यंदा कळले.

नव्या पानाच्या साठच प्रती काढल्या. मागे इंग्रजी मजकूर घातला, कारण मालक मराठी वाचतो आणि त्याचा परचेसवाला इंग्रजी. साठांतून चार फोन आले, दोन कामे मिळाली. ऐकायला थोडे वाटते. पण त्या दोघांनी आणखी तिघांना सांगितले, आणि मग फोटो काढून ते पान कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरू लागले. सौ.च्या वहीतला तो अठरा हजारांचा खड्डा गेल्या वर्षात आठ महिने भरला, चार महिने भरला नाही. त्या आता वही सरकवतात तेव्हा बोलतात.

परवा म्हाळुंग्याहून एकाचा फोन आला. “ते चिमट्याच्या पाटीवाले काका तुम्हीच का?” मी होय म्हटले. नाव त्याने विचारले नाही. पानाच्या तळाशी ते आहे, पण तिथवर तो गेला नसावा. त्याच्याकडे सहा प्रेस आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर गावाकडून नवी पोरे येणार आहेत.

“गुरुवारी या,” तो म्हणाला, “निवांत बोलू.”

मी म्हटले, “गुरुवारी नको. शुक्रवारी सकाळी येतो, प्रेस चालू असताना.” चाकणच्या रस्त्याची गर्दी धरून घरून साडेपाचला निघावे लागेल. सौ.नी डब्यात काय घालायचे ते विचारून ठेवले आहे.